पिंजरा सगळ्यात शेवटी न्या : विमानतळावर सामान चढवणाऱ्या मंडळींना खुले पत्र

विमानतळावरचे लोडर, ट्रॅक्टर चालवणारे दादा, चेक-इन काउंटरवरची मुलं-मुली आणि या सगळ्यांच्या ड्युट्या लावणारे अधिकारी, यांना सप्रेम नमस्कार.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी दीडच्या सुमाराला मी गेटजवळच्या मोठ्या काचेला कपाळ टेकून उभी होते. खाली विमानापासून थोड्या अंतरावर सामानाची एक ट्रॉली उन्हात उभी होती. तिच्यावर सहा-सात सुटकेसा, दोरीने बांधलेलं एक खोकं आणि आमच्या कुत्र्याचा, तांबूचा, करड्या रंगाचा पिंजरा. ट्रॉलीजवळ कोणी नव्हतं. पिंजऱ्याचं दार विमानाच्या बाजूला होतं, त्यामुळे तो मला दिसत नव्हता. पण पिंजरा हलत होता. थोडा थांबायचा आणि पुन्हा हलायचा. तो आत गोल फिरायचा प्रयत्न करतोय, हे मला वरून कळत होतं. काच बंद, दार बंद, खाली जायला मनाई. मी गेटवरच्या मुलीला सांगितलं, ती म्हणाली, "कळवते." तिने फोन उचललासुद्धा. पलीकडून कोणी उचलला नाही.

वीस-बावीस मिनिटांनी तुमच्यापैकी एक जण आला. हिरवट पिवळं जाकीट, डोक्याला रुमाल बांधलेला. तो सरळ पिंजऱ्याकडे गेला, उकिडवा बसला, एका बाजूने आत बघितलं आणि वरच्या लेबलवर बोट ठेवून काहीतरी वाचलं. मग त्याने ती अख्खी ट्रॉली ओढून विमानाच्या पोटाखालच्या सावलीत नेली आणि पिंजरा असा फिरवला की दाराची इंजिनाकडे पाठ झाली. पिंजरा हलायचा थांबला. मला त्या माणसाचं नाव माहीत नाही. हे पत्र आधी त्याला आहे आणि मग बाकी सगळ्यांना.

मंत्र्यांना किंवा कंपनीच्या मालकांना लिहिण्याऐवजी मी तुम्हाला लिहिते आहे, कारण पिंजऱ्याला हात तुमचे लागतात. आमचं कुत्रं शेवटचं आमच्याकडे असतं ते काउंटरवर. त्यानंतर त्याच्याशी काय होतं, हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं.

तांबू गावठी. साताऱ्याला आमच्या गल्लीत एका पावसाळ्यात पिल्लू असताना सापडला, रंगाने तांबूस म्हणून तांबू. आता सोळा किलोचा आहे. स्वभावाने गरीब, पण आवाजाला अतोनात भितो. दिवाळीचे चार दिवस तो मोरीत बादलीच्या मागे बसून काढतो. गणपतीच्या मिरवणुकीचा ताशा लांब पोवई नाक्यावर वाजू लागला तरी इकडे याचे पाय लटपटतात. माझ्या नवऱ्याची बदली उत्तरेतल्या एका शहरात झाली तेव्हा पहिला प्रश्न घरभाड्याचा नव्हता, याला कसं न्यायचं हा होता. रेल्वेचा विचार केला. पण ऐन उन्हाळ्यात दीड दिवसाचा प्रवास, आणि त्यात कुत्र्याची सोय कशी होईल याचा भरवसा नाही. विमान दोन तासांचं. अलीकडे काही कंपन्या लहान चणीचं कुत्रं केबिनमध्ये, मालकाच्या पायाशी बॅगेत घेऊ देतात. अकासा एअरने तर नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय सुरू केली. सोळा किलोच्या कुत्र्याला ती वाट नाही. त्याला खालीच, सामानाच्या कप्प्यात जावं लागतं.

लोकांना वाटतं की खाली हवा नसते, कुत्रं गुदमरतं. मलाही तसंच वाटायचं. आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की खालच्या कप्प्यातही हवेचा दाब वरच्यासारखाच असतो, आणि जिवंत प्राणी ठेवायच्या कप्प्यात हवा खेळती ठेवून तापमान सांभाळलं जातं. म्हणून तर कोणत्या कप्प्यात प्राणी आहे हे कॅप्टनला लेखी कळवायचं असतं. तुमच्यासाठी तो एक कागद असेल. आमच्यासाठी, वर बसलेल्या माणसाला खाली आपलं कोणीतरी आहे हे माहीत असणं, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तयारीला आम्ही सात आठवडे घेतले. पिंजरा मापाने घेतला. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, तिच्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं मिळवायचं, ही पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट, ही रुंदी. उभा राहिल्यावर डोकं किंवा कान, जे वर असेल ते छताला टेकता कामा नये. हे माप 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीतलं आहे. मी शिंप्याची टेप घेऊन तांबूला मोजत होते आणि तो टेप चावत होता.

पहिले आठ-दहा दिवस पिंजऱ्याचं दार काढूनच ठेवलं होतं. आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची गोधडी, न धुतलेली. घरच्या वासाची. तांबूची भाकरी आणि उकडलेलं अंडं दाराशी ठेवायचं, मग रोज वीतभर आत. तिसऱ्या आठवड्यात तो दुपारी आपणहून आत जाऊन झोपायला लागला. मग दार लावलं, आधी मिनिटभर, मग चहा होईपर्यंत, मग माझा स्वयंपाक होईपर्यंत. भुंकून दार उघडायला लावलं असं एकदाही होऊ द्यायचं नाही, शांत असतानाच उघडायचं. मग मोबाईलवर विमानाचा आवाज, कुकरच्या शिट्टीपेक्षाही हळू. तो कान टवकारायचा, मी अंड्याचा तुकडा द्यायचे. आवाज रोज किंचित वाढवायचा, आणि त्याने जेवण सोडलं की दोन दिवस मागे यायचं. मग पिंजऱ्यासकट गाडीतून वाईपर्यंत जाऊन यायचं. एकदा खंबाटकीच्या बोगद्यातूनही नेऊन आणलं. सातव्या आठवड्यात हा माणूस, म्हणजे कुत्रा, मी म्हणेन आता याला माणूसच, पिंजऱ्यात बसून हाडूक चघळत होता.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण असं की तुमच्या हातात येणारा प्रत्येक पिंजरा म्हणजे असे कित्येक आठवडे असतात. ते अर्ध्या तासात मोडतात.

काउंटरवर मला पहिला प्रश्न विचारला गेला, "झोपेचं इंजेक्शन दिलंय ना?" मी नाही म्हटलं तर त्या मुलाचा चेहरा पडला. त्याचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. पण हा प्रश्न विचारणं बंद व्हायला हवं, आणि आयत्या वेळी "मग एक गोळी देऊन या" असं सांगणं तर नक्कीच. आमच्या डॉक्टरांनी याला पहिल्याच दिवशी हात जोडले होते. पूर्वी सर्रास दिलं जायचं ते औषध असेप्रोमाझीन. त्याने रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळायची ताकद कमी होते, तोल जातो. पिंजरा कलंडला की जागं कुत्रं पाय रोवतं. गुंगीतलं कुत्रं भिंतीवर आदळतं. वर गेल्यावर विमानातला दाब समुद्रसपाटीसारखा राहत नाही. तो सुमारे ८,००० फूट उंचीवर जेवढा असेल तिथपर्यंत उतरू शकतो. म्हणजे जवळजवळ २,४०० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. त्याहून बऱ्याच उंचीवर अर्धवट शुद्धीतल्या जिवाला एकट्याला ठेवायचं, आणि त्याला काही झालं तर बघायला कोणी नाही. शिवाय त्या औषधाने शरीर ढिलं पडतं, भीती जात नाही. कुत्रं आतून तेवढंच घाबरलेलं असतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही. आयाटाची नियमावली आणि अमेरिकेतल्या पशुवैद्यकांची संघटना, दोघांचाही सल्ला प्रवासात गुंगी देऊ नका असाच आहे.

चिंता कमी करणारी दुसरी औषधं आहेत, गॅबापेंटिन, ट्रॅझोडोन वगैरे. ती काही कुत्र्यांना डॉक्टर देतात, पण आधी घरी देऊन बघितल्याशिवाय नाही. आम्ही एका रविवारी बघितलं. तांबूला जिन्यावर झोकांडी जाऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी तो विचारच सोडून दिला. म्हणजे कुत्र्याला औषध दिलं की नाही, हा प्रश्न त्याच्या डॉक्टरांचा आहे, काउंटरचा नाही. फिटनेसचा दाखला कागदात जोडलेला असतो. त्याच्यावर विश्वास ठेवा.

कॅनडात बीगल जातीच्या कुत्र्यांना विमानातून नेऊन अभ्यास केला गेला होता. त्यांच्या छातीचे ठोके सगळ्यात जास्त वाढले ते विमान उडताना नव्हे, तर पिंजरे चढवताना आणि उतरवताना. आणि असेप्रोमाझीन दिलेल्या कुत्र्यांना त्याचा काही फायदा झालेला दिसला नाही. हे वाचलं तेव्हा मला ती काच आठवली. भीती आकाशात नसते. ती काउंटर ते कप्पा या वाटेवर असते, आणि ती वाट तुमची आहे.

माझ्या तांबूला त्या दिवशी पिंजऱ्यासकट उड्डाणाच्या अडीच तास आधी आत नेलं. मी म्हटलं, मी इथेच बसते त्याच्याजवळ, तुम्ही सामान बंद करताना न्या. उत्तर आलं, "मॅडम, सिस्टीममध्ये तसं नाही." सिस्टीममध्ये नसेल, कायद्यात मात्र आहे. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याच्याखाली १९७८ मध्ये केलेले प्राणी वाहतूक नियम. कुत्र्या-मांजरांसाठी त्यात वेगळं प्रकरण आहे. भुकेलं किंवा तहानलेलं कुत्रं प्रवासाला पाठवायचं नाही. उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी प्यायला पाणी. आणि रवाना करण्यापूर्वी त्याला जितकं उशिरा फिरवून आणता येईल तितकं उशिरा फिरवावं. जितकं उशिरा. हे ज्यांनी लिहिलं त्यांना कुत्रं कळत होतं. अडीच तास आधी पिंजऱ्यात कुलूपबंद केलेल्या कुत्र्याला उशिरा कोण आणि कुठे फिरवणार?

आवाजाबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही स्वतः कानांवर मफ घालून त्या धावपट्टीशेजारी काम करता. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. इंजिनाची जी बारीक शीळ तुम्हाला मफमधूनही टोचते, तिच्या वरचेही सूर तांबूच्या उघड्या कानात जातात. त्याला कान झाकता येत नाहीत, पळता येत नाही, आणि ज्याच्याकडे बघून धीर यावा असा ओळखीचा चेहरा नाही. उन्हाचंही तसंच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंग थंड ठेवतं. घाबरलेलं कुत्रं आधीच धापा टाकत असतं, त्यात मे महिन्याचं ऊन आणि प्लास्टिकचा पिंजरा. पग, बुलडॉग, शित्झू असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा तर श्वास घरच्या सोफ्यावरही घोरत चालतो. त्यांना तुम्ही दहा मिनिटंसुद्धा उन्हात ठेवू नका, हात जोडून सांगते.

मग तुम्ही काय करायचं? फार नाही. पिंजरा सामानात सगळ्यात शेवटी न्या आणि उतरवताना सगळ्यात आधी उतरवा. मधे थांबायची वेळ आली तर सावलीत, आणि दार इंजिनाच्या विरुद्ध बाजूला, त्या रुमालवाल्या दादांनी केलं तसं. उचलताना दोघांनी, सपाट धरून. एका बाजूने कलला की आतलं कुत्रं खालच्या कोपऱ्यात घसरतं आणि पुढचा सगळा प्रवास त्याच कोपऱ्यात काढतं. जाळीतून बोट घालू नका, प्रेमानेही नको. भेदरलेल्या कुत्र्याला समोरून वाकून येणारा माणूस म्हणजे संकट वाटतं. बाजूने बसा, त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, हळू आवाजात नाव घ्या. नाव पिंजऱ्यावर लिहिलेलंच असतं. जांभया देत असेल, ओठ चाटत असेल, डोळ्यांचं पांढरं दिसत असेल, तर त्याला झोप आली आहे असं समजू नका. ती भीती आहे. त्याच वेळी भुंकणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याचा पिंजरा त्याच्या तोंडासमोर ठेवू नका.

आणि एक निरोप. फक्त एक. पिंजरा कप्प्यात चढला की गेटवर कळवा, आणि गेटवरच्या माणसाने आम्हाला येऊन सांगावं, "तुमचं कुत्रं चढलं." तीन शब्द. मी त्या दिवशी सीटवर बसले, पट्टा लावला, विमान हललं, तरी मला माहीत नव्हतं की तांबू आमच्या विमानात आहे की अजून खाली ट्रॉलीवर. हवाई सुंदरीला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. बिचारी पाणी घेऊन आली माझ्यासाठी. वरिष्ठांनी ठरवलं तर या निरोपाला पैसा लागत नाही.

आमच्या बाजूच्या लोकांच्याही चुका मी बघितल्या आहेत, त्या इथे लपवत नाही. त्याच रांगेत एक कुटुंब होतं. पिंजरा आदल्या दिवशी विकत घेतलेला, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली, आणि त्यांचा लॅब्राडॉर त्यात जायला तयार नव्हता. दोघांनी मागून ढकललं. ते कुत्रं रडत होतं, मुलगी रडत होती, आणि काउंटरवरचा मुलगा घड्याळ बघत होता. अशा वेळी तुम्ही वैतागलात तर मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण बुकिंगच्या वेळीच कंपनीने साध्या मराठीत, हिंदीत एक पान पाठवलं, की पिंजऱ्याची सवय निदान महिनाभर आधीपासून लावा, निघायच्या चार-सहा तास आधी हलकं खाणं द्या, भरपूर फिरवून आणा, वाटीतलं पाणी गोठवून ठेवा म्हणजे चढवताना सांडत नाही आणि नंतर हळूहळू वितळतं, तर निम्मे रडारड करणारे पिंजरे तुमच्यापर्यंत येणारच नाहीत. सध्या जे पान मिळतं त्यात वजन आणि शुल्क एवढंच असतं.

मुंबईच्या विमानतळावर घाबरलेल्या प्रवाशांना बरं वाटावं म्हणून प्रशिक्षित कुत्री फिरवतात. कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला की माणसाचा जीव खाली बसतो, हे विमानतळ चालवणाऱ्यांना पटलेलं आहे. तोच हात उलट बाजूनेही लागू पडतो, एवढंच मला त्यांना सांगायचं आहे. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, सावलीत, पंख्याखाली एक खोली ठेवा. मालकाला तिथे शेवटच्या घटकेपर्यंत पिंजऱ्याजवळ बसू द्या.

त्या दिवशी विमान उतरलं. मी सामानाच्या पट्ट्याजवळ उभी होते, सगळ्यांच्या बॅगा फिरून गेल्या. मग बाजूच्या दारातून एक वयस्कर माणूस पिंजरा हातगाडीवर घेऊन आला. पट्ट्यावर सोडला नव्हता त्याने. "तांबू है ना?" त्याने विचारलं, आणि आतून दोन कान वर झाले. "पहले पानी पिला दो मॅडम, बाद में साइन करना." पाण्याची वाटी आत कोरडी ठणठणीत होती. तांबूच्या नाकाचा शेंडा जाळीवर घासून सोलवटला होता आणि पुढच्या उजव्या पायाचं एक नख मुळापासून निघालं होतं. गोधडीवर रक्ताचे ठिपके. पाणी पिताना त्याचं अंग इतकं थरथरत होतं की निम्मं पाणी माझ्या हातावर सांडत होतं. तो माणूस सही न घेता तिथेच उभा राहिला, तांबू पिऊन होईपर्यंत.

नव्या घरात तीन दिवस त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी खाल्लं. पण सात आठवड्यांच्या तयारीत ज्या पिंजऱ्यात तो आपणहून झोपायला लागला होता, तो दिसला की आजही कपाटामागे जातो. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे. दार काढून ठेवलंय. गोधडी आत आहे. काल त्याने पुढचे दोन पाय आत ठेवून अंडं खाल्लं.

येत्या मार्चमध्ये आम्ही साताऱ्याला परत येतोय, त्याच मार्गाने. दुपारची वेळ टाळून पहाटेचं विमान घेतलं आहे. करड्या रंगाचा पिंजरा असेल, दारावर निळ्या मार्करने मराठीत आणि हिंदीत नाव लिहिलेलं. तुमच्यापैकी ज्याची तेव्हा ड्युटी असेल त्याने त्याच्या डाव्या बाजूने बसून बोलावं. त्या कुशीकडून बोललेलं त्याला आवडतं.

आपली,
तांबूच्या घरची